हॉटेल घ्या, पण सोमवार आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे सांगोल्याकडचे, वय पस्तिशीच्या आतलं, पश्चिम लंडनमधल्या एका हॉटेलात स्किल्ड वर्कर व्हिसावर शेफ आहेत. मालक थकले आहेत आणि लीजसकट हॉटेल यांना द्यायला तयार आहेत. घरी पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी. घराणं माळकरी, यांच्याही गळ्यात माळ आहे. ते विचारतात, "हॉटेल घेतलं तर घर आणि माळ दोन्ही टिकतील का? तुम्ही वीस वर्षं हेच केलंत, खरं काय ते सांगा."

टिकतात. माझं घर टिकलं आणि माळही टिकली. पण पहिली सात-आठ वर्षं घर आणि देव दोन्ही हातातून निसटत चालले होते, माळ तर तेव्हा गळ्यातही नव्हती, आणि दोष गिऱ्हाइकांचा नव्हता, लंडनचाही नव्हता. बायको-मुलांसाठी एवढं राबतोय म्हणजे त्यांचं सगळं आपोआप नीट होणार, असं मी धरून चाललो होतो. विठ्ठलाचंही तसंच. मनात भक्ती आहे ना, मग वेळ नाही दिला तरी चालेल. यातलं काहीही चालत नाही. हॉटेल हे असं काम आहे की त्याला जेवढे तास द्याल तेवढे ते गिळतं आणि वर आणखी मागतं. म्हणून घराचे तास आणि देवाचे तास सही करायच्या आधी ठरवून घ्यावे लागतात, कागदावर, पत्नीला समोर बसवून.

आधी तुमच्या व्हिसाचं बोलतो, कारण त्यात चूक झाली तर पुढचं सगळं वाया. स्किल्ड वर्कर व्हिसावर तुम्ही ज्याच्याकडे नोकरीला आहात त्याच्याचकडे काम करायचं असतं. ती नोकरी सोडून स्वतःचा धंदा चालवता येत नाही. "कागदोपत्री माझ्याच नावावर राहू दे, चालव तू" असं कोणी प्रेमानं म्हणालं तरी हात जोडा. इंडेफिनिट लीव्ह, म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी, हातात पडेपर्यंत थांबा. मालकांना खरंच तुम्हालाच द्यायचं असेल तर ते थांबतील. दुसरं, गावाकडून चुलतभाऊ नाहीतर मेहुणा आणून भटारखान्यात उभा करू, हा आमच्या वेळचा हिशेब आता धरू नका. २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्करसाठी कामाची पातळी पदवीच्या बरोबरीची केली आहे, त्यात परदेशातून नवा शेफ बसत नाही. माणसं इथूनच मिळवायची आणि इथल्या पगारावर टिकवायची.

आता लीज. इंग्लंडात दुकानाचं भाडं बहुतेक ठिकाणी तिमाहीनं आगाऊ भरतात, आणि जुन्या पद्धतीच्या लीजमध्ये त्याचे दिवस ठरलेले असतात: २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर. हो, नाताळच्या दिवशी. डिसेंबरभर पार्ट्यांचा पैसा येतो आणि महिन्याच्या शेवटी त्यातला मोठा घास घरमालकाकडे जातो. मग रिकामा जानेवारी. मालकांकडून मागच्या तीन वर्षांचे हिशेब मागून घ्या आणि फक्त जानेवारी-फेब्रुवारी बघा. डिसेंबरचा गल्ला बघून कोणीही हुरळतं.

लीज १९५४ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या संरक्षणातलं आहे की त्यातून बाहेर काढलेलं, हे तुमच्या स्वतःच्या सॉलिसिटरकडून तपासून घ्या. मालकांच्या ओळखीच्या सॉलिसिटरकडून नको. माझं पंधरा वर्षांचं लीज २०१९ मध्ये संपलं तेव्हा त्या संरक्षणामुळेच मला नवं मागता आलं. ते नसतं तर सोळाव्या वर्षी मी रस्त्यावर आलो असतो. भाडेवाढीचं कलम बघा, दुरुस्ती कोणाच्या अंगावर आहे ते बघा. पर्सनल गॅरंटी, म्हणजे भाडं थकलं तर स्वतःच्या खिशातून भरायची हमी, मागितली तर तिला रकमेची आणि वर्षांची हद्द घालून घ्या. राहतं घर त्यात गुंतवू नका. एवढं एक वाक्य पाळलंत तरी बाकीच्या चुका निभावून जातील.

व्हॅटचंही इथेच सांगून टाकतो. वर्षाची विक्री ९०,००० पौंडांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते, आणि बसून जेवायचं हॉटेल ती हद्द सहज ओलांडतं. दर २० टक्के. म्हणजे १२ पौंडांच्या थाळीतले २ पौंड तुमचे नाहीतच. ते रोज रात्री वेगळ्या खात्यात टाका. माझे वडील मळणीच्या वेळी बलुतेदारांचा वाटा आधी बाजूला काढायचे, मग आपलं माप भरायचे. मला व्हॅट त्यावरून कळला.

तुमच्या पत्नीबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण माझ्या हातून सगळ्यात मोठी चूक तिथे झाली.

मी २००४ मध्ये हॉटेल घेतलं. सकाळी मुलांना शाळेत सोडून माझी बायको दहाला यायची. कणीक तिंबायची, शेंगदाण्याचं कूट करायची, दुपारी गल्ल्यावर बसायची, रात्री घरी बिलं लिहायची. कामाला माणूस ठेवला असता तर त्याला पगार दिला असता. हिला काय द्यायचं, घरचंच तर आहे. दहा वर्षांनी एका ओळखीच्या अकाउंटंटनं सहज विचारलं, वहिनींचं नॅशनल इन्शुरन्सचं रेकॉर्ड बघितलंय का? बघितलं. इथल्या सरकारी पेन्शनला पूर्ण रकमेसाठी या विम्याची ३५ वर्षांची नोंद लागते, दहाच्या खाली असेल तर काहीच नाही. मुलं लहान होती तोवरची काही वर्षं चाइल्ड बेनिफिटमुळे तिच्या नावावर जमा होती. त्यानंतरची, म्हणजे जेव्हा ती सगळ्यात जास्त राबली ती वर्षं, कोरी. सरकारच्या लेखी माझी बायको घरी बसून होती.

ती चिडली नाही. म्हणाली, "तुम्ही आचाऱ्याची पे-स्लिप दर महिन्याला काढत होता, ती मीच प्रिंट करत होते." हे वाक्य अजून माझ्या कानात आहे. मागची काही वर्षं पैसे भरून भरता येतात, पण साधारण सहा वर्षं मागेच जाता येतं, त्यापलीकडचं गेलं ते गेलं. त्या महिन्यापासून ती पगारावर आली आणि कंपनीत तिच्या नावे अर्धे शेअर केले. तुम्ही हे पहिल्या दिवशी करा. कुटुंबावर जीव आहे असं आपण म्हणतो ना, तर तो पे-रोलवर दिसला पाहिजे.

मुलगी आत्ता सहा वर्षांची आहे. हॉटेलात वाढेल. माझी दोन्ही मुलं गल्ल्यामागच्या सहा नंबरच्या टेबलावर वाढली. त्या टेबलाच्या कडेला अजून कंपासच्या टोकानं कोरलेलं मोडीसारखं काहीतरी आहे, मी ते टेबल बदललेलं नाही. पण टेबलावर मुलं डोळ्यांसमोर आहेत म्हणजे आपण त्यांच्याबरोबर आहोत असं नसतं. मुलगी नऊ वर्षांची असताना शाळेत "माझे बाबा" वर निबंध होता. तिनं लिहिलं होतं, बाबांचे बूट दाराशी असले की बाबा झोपलेले असतात. बाईंनी वहीवर छानसा शेरा दिला होता. मी ती वही रात्री साडेबाराला वाचली आणि बूट घेऊन बसून राहिलो.

धंद्यात सोमवार मंदा, म्हणून बहुतेक हॉटेलं सोमवारी बंद ठेवतात. पण सोमवारी मुलं शाळेत असतात. म्हणजे तुमची सुट्टी आणि त्यांची सुट्टी कधी जुळतच नाही. हे मला कळायला पाच वर्षं लागली. मग आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. सोमवारी सव्वातीनला शाळेच्या फाटकावर मीच उभा राहणार, कॅश अँड कॅरीची घाऊक खरेदी, बँक, भटारखान्याच्या धुराड्याचा माणूस, सगळं त्याच्या आधी उरकायचं. आणि रविवारी दुपारचं जेवण वाढून झालं की पाचला शटर खाली. रविवार संध्याकाळचा गल्ला सोडणं जड गेलं, खोटं नाही सांगत. पहिले तीन महिने मी पाच वाजता बाहेर उभा राहून परत जाणारी गिऱ्हाइकं मोजायचो. नंतर दुपारची गर्दी वाढली, कारण लोकांना वेळ माहीत झाली. रविवारी रात्री आमच्याकडे चौघं एका ताटाभोवती बसतात. मुलगा आता बाहेरगावी शिकायला आहे, तो त्या वेळेला फोन लावून बसतो.

पुढे मुलगी तेरा-चौदाची झाली की मदतीला येते म्हणेल. आवडीनं येईल, येऊ द्या, पण कायदा माहीत असू द्या. त्या वयाच्या मुलांना कामावर घ्यायला कौन्सिलचा, म्हणजे इथल्या पालिकेचा, परवाना लागतो, सकाळी सातच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर काम देता येत नाही, आणि भटारखान्यात तर नाहीच. "आपलीच मुलगी" हे उत्तर तिथे चालत नाही, आणि चालू नये.

आता माळ.

मी तरडगावच्या बाजूचा. ज्ञानोबांच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण आमच्याजवळ चांदोबाच्या लिंबाला होतं. पालखी मुक्कामाला आली की आमच्या अंगणात एक दिंडी जेवायची. आई आणि चुलत्या पहाटेपासून चुलीपुढे. लहानपणी मी बघितलेला हा पहिला मोठा भटारखाना. शेवटचा वारकरी उठल्याशिवाय वडील घास घ्यायचे नाहीत. मी या धंद्यात आलो तो त्या अंगणामुळे आलो असं मला मनापासून वाटतं. हॉटेल मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट नंतर मिळालं.

पण मी २००४ मध्ये जे हॉटेल घेतलं त्यात बार होता. गल्ल्याचा चौथा हिस्सा दारूतून यायचा, आणि त्यात कष्ट कमी, नफा जास्त. मटण-चिकन होतंच. त्या वेळी माझ्या गळ्यात माळ नव्हती. "धंदा आहे, आपण कुठे पितो," असं मी स्वतःला समजावत होतो. वडिलांनी फोनवर कधी विचारलं नाही. ते विचारत नाहीत याचाच मला त्रास व्हायचा.

२०११ च्या नोव्हेंबरात, शनिवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला भावाचा फोन आला, वडील गेल्याचा. भारतात रात्रीचा एक वाजून गेलेला. हॉटेल भरलेलं, दारात सहा माणसं उभी. मी फोन ठेवला आणि हातातल्या चार प्लेटा टेबलावर नेऊन ठेवल्या, कारण त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. हिनं माझा चेहरा बघितला, गल्ला बंद केला आणि प्रत्येक टेबलापाशी जाऊन सांगितलं. लोक उठले. दोघांनी न जेवता पैसे ठेवले, ते आम्ही नंतर परत केले. मी पोहोचलो तेव्हा अग्नी देऊन झाला होता. दहाव्याला होतो एवढंच.

यातून निघालेल्या दोन कामाच्या गोष्टी लिहून घ्या. तातडीच्या तिकिटाएवढे पैसे नेहमी वेगळे ठेवा, त्यांना व्हॅटसाठीसुद्धा हात लावायचा नाही. आणि तुमच्याशिवाय पंधरा दिवस हॉटेल चालवू शकेल असा एक माणूस पहिल्या वर्षातच तयार करा. त्याच्याकडे किल्ली, पुरवठादारांचे नंबर आणि गॅस बंद करायचा क्रम, सगळं लेखी असू दे. आई-वडील तिकडे आहेत, ती वेळ येणारच आहे.

तेराव्यानंतर मी पंढरपूरला जाऊन माळ घातली आणि परत येऊन वर्षभर आतल्या आत भांडत राहिलो. शेवटी २०१३ मध्ये दारूचा परवाना परत केला आणि हॉटेल शाकाहारी केलं. दोन वर्षं ओढाताण झाली. भाडं भरायला एकदा हिच्या पाटल्या गेल्या, त्या नंतर तशाच करून दिल्या. तुम्ही आत्ताच माळकरी आहात, म्हणजे ही निवड तुम्हाला सहीच्या आधी करायची आहे, मधे नाही. माळ घालून दारू विकावी की नाही, हे मी सांगणार नाही, ते तुमच्या वारकरी फडातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. पण हिशेबाचं सांगतो. दारूचा गल्ला शून्य धरून भाडं, पगार आणि व्हॅट निघतो का ते बघा. निघत नसेल तर ते हॉटेल तुमच्यासाठी नाही. जे तुम्हाला नको आहे त्याच्यावरच ज्याचं भाडं उभं आहे ते चालवायला घेतलं तर रोज स्वतःशी भांडावं लागतं, आणि त्या भांडणात आधी घरच्यांवरचा आवाज चढतो.

एकादशीचं. लंडनचा सूर्योदय वेगळा, त्यामुळे इथल्या पंचांगाची तिथी कधी एक दिवस पुढे-मागे होते. मी पंढरपूरचीच पाळतो. आषाढीला हॉटेल पूर्ण बंद. २०१९ ला ती शुक्रवारी आली, १२ जुलैला, आणि एका ऑफिसची तीस माणसांची पार्टी त्याच रात्री हवी होती. नाही म्हटलं. ते पुढच्या शुक्रवारी आले. नेहमीच असं होईल असं नाही, काही गिऱ्हाइकं जातात. वर्षातून एक दिवस आहे, जाऊ द्यावीत. प्रत्यक्ष वारी मला इतक्या वर्षांत दोनदाच घडली. सावतोबा अरणचा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्याकडे आला, असं आपल्यात सांगतात. वडील मला हे फोनवर सांगायचे तेव्हा माझं सांत्वन करतायत असं वाटायचं. आता वाटतं, ते मळ्याकडे नीट बघ म्हणून सांगत होते.

मळ्यात माणसंही येतात. आमचा मुख्य आचारी बांगलादेशातल्या सिल्हेटचा, पाच वेळा नमाज पढणारा. रमजान चांद्र महिना, त्यामुळे त्यात एकादशा येतातच. जून महिन्यातल्या एका रमजानात त्याचा अठरा तासांचा रोजा आणि माझी एकादशी एकाच दिवशी. कढईत आमटी उकळतेय आणि मीठ बघायला दोघांपैकी कोणीच नाही. भांडी घासणारी रुमानियाची मुलगी चमचा घेऊन यायची, डोळे मिटून चव घ्यायची आणि बोटांनी चिमूट दाखवायची, अजून एवढं. ती अंदाजात कधी चुकली नाही. इफ्तारच्या वेळी, जूनमध्ये तर नऊ वाजून गेल्यावर, ऐन गर्दीत त्याला दहा मिनिटं मोकळी मिळालीच पाहिजेत, तेव्हा तव्यावर मी उभा राहतो. आपली श्रद्धा जपायची तर हाताखालच्याच्या श्रद्धेला रोटामध्ये, म्हणजे पाळ्यांच्या तक्त्यात, जागा द्यावी लागते. अशा ठिकाणी माणसं टिकतात. तो माझ्याकडे सोळा वर्षं आहे.

देव्हारा भटारखान्यात ठेवू नका. समई, उदबत्तीची राख, कुंकू अन्नाजवळ नको, कौन्सिलचा तपासनीस बरोबरच बोलेल. माझा विठोबा दर्शनी भागात, गल्ल्याच्या वर आहे. शटर उघडायच्या आधी समई, पाच मिनिटं नामस्मरण, आणि गिऱ्हाईक यायच्या आत ज्योत शांत. हरिपाठ दुपारी साडेतीन ते चारमध्ये, दोन पाळ्यांच्या मधे. सहा वाजता म्हणू असं ठरवलंत तर तो कधीच होणार नाही.

आणि अन्नशुद्धी हा शब्द आपण सोवळ्यापुरता ठेवतो, तो इथे फार मोठा आहे. चौदा ॲलर्जन्स, म्हणजे ॲलर्जी होऊ शकते असे पदार्थ, गिऱ्हाइकाला सांगणं २०१४ च्या डिसेंबरपासून कायद्यानं बंधनकारक आहे, आणि आपल्या स्वयंपाकात त्यातले चार तर रोजच्या फोडणीत आणि कुटात बसलेत: मोहरी, तीळ, शेंगदाणे आणि गहू. गहू कुठला, म्हणाल. हिंगातला. एका बाईंनी मुलीसाठी विचारलं, आमटीत गहू नाही ना, तिला सीलिॲक आहे, म्हणजे गहू न चालण्याचा आजार. मी "नाही" म्हणणार तोच हिनं फळीवरची हिंगाची डबी उलटी करून वाचली. बांधणीच्या हिंगात गव्हाचं पीठ होतं. त्या मुलीला त्या दिवशी आम्ही भात, दही आणि हिंगाशिवाय वेगळी केलेली बटाट्याची भाजी दिली. आता तांदळाच्या पिठाचा हिंग आणतो, आणि प्रत्येक नवीन डबी उघडण्याआधी वाचली जाते. गरम अन्न ६३ अंशांच्या वर, उरलेला भात लवकर गार करून फ्रिजमध्ये आणि दुसऱ्या दिवसापलीकडे नाही. नोंदवही रोज, सणाच्या दिवशीसुद्धा. लंडनच्या महाराष्ट्र मंडळात, १९३२ पासूनचं ते मंडळ, गणपतीत प्रसादाचं करायला बोलावतात तेव्हाही मी ती वही आणि थर्मामीटर बरोबर नेतो. प्रसाद आहे म्हणून जंतू माघार घेत नाहीत.

शेवटी धंद्याच्या हातात नसलेल्या दिवसांबद्दल. करोनामुळे २० मार्च २०२० च्या रात्री इथली हॉटेलं बंद झाली. फर्लोमुळे, म्हणजे पगारासाठीच्या सरकारी मदतीमुळे, माणसांचे पगार ८० टक्के निघाले, पण भाडं थांबलं नाही. त्या वर्षी १ जुलैला आषाढी होती. माउलींच्या पादुका पायी न जाता एसटीनं पंढरपूरला गेल्या. आम्ही ते घरात चौघं बसून मोबाइलवर बघितलं, आचाऱ्याला व्हिडिओ कॉलवर घेऊन, कारण त्याला बस बघायची होती. आषाढीनंतर तीन दिवसांनी, ४ जुलैला, हॉटेलं उघडायला परवानगी मिळाली. आम्ही टेबलं दूर दूर केली, सहा नंबरचं कोपऱ्यात गेलं. पहिल्या दिवशी अकरा माणसं जेवली. हिनं गल्ला मोजला, व्हॅटचे वेगळे काढले, तिकिटाच्या डब्यात पाच पौंड टाकले, आणि दिवा लावायला विसरलो होतो तो लावला.

तुमच्या प्रश्नात लीजची किती वर्षं उरली आहेत आणि भाडं किती आहे, ते नाही. ते आकडे आणि मालकांचे तीन जानेवारींचे हिशेब मिळवा. मग एका सोमवारी सकाळी पत्नीला घेऊन बसा आणि कागदाच्या डाव्या बाजूला तिला लिहू द्या: कुठला दिवस बंद, शाळेत कोण जाणार, तिचा पगार किती, आषाढीला काय. उजव्या बाजूला भाडं आणि पगार तुम्ही लिहा. डावी बाजू न खोडता उजवी बसते का ते बघा. बसत असेल तर सॉलिसिटरला फोन करा.